रोजची मोटार आणि पाव मैलाची शर्यत



बस एकदम सुटली कीं उभा असलेला उतारू मागें कलंडतो, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. मोटारीच्या भाराचेंही तसेंच होतें. आणि ह्याच साध्या गोष्टीवर अमेरिकेंतील एक शर्यत उभी आहे. ‘ड्रॅग रेसिंग’ हें तिचें नांव. दोन गाड्या शेजारीं उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि बहुधा पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, सरळ धांवून जी अगोदर पोंचेल ती जिंकते. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशननें ह्या खेळाला नियमांची शिस्त लावली. पुष्कळ हौशी लोक आठवडाभर कामावर नेतात तीच गाडी सुटीच्या दिवशीं शर्यतींत उतरवितात. अशा गाडीची मागची बाजू कशी योजावी, हा आजचा विषय आहे.

जुन्या अमेरिकन मोटारींपैकीं पुष्कळांत मागचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर असतात व तो आंस पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसविलेला असतो. एंजिनाचा जोर चाकांना पुढें फिरवूं लागला कीं आंसाचें कवच उलट दिशेनें पिळूं पाहतें. पाटे नागमोडी वांकतात, झटक्यानें सुटतात, पुन्हां वांकतात. चाकें उड्या मारूं लागतात आणि जमिनीची पकड जाते. शर्यत तर हातची जातेच, पण कधीं कधीं आंसही मोडतो.

येथें हौशी मनुष्य एक चूक करतो. गाडी मागें जितकी खालीं बसेल तितका भार मागच्या चाकांवर येतो, असें समजून तो मऊ स्प्रिंगा घालतो. हिशेब करून पाहूं. गाडीचें वजन ३,२४० पौंड, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर १०८ इंच, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून २० इंच उंच आहे. तिचा तासीं वेग दर सेकंदास ११ मैलांनीं वाढत असेल, तर सुमारें ३०० पौंड भार पुढून मागें जातो. ह्या हिशेबांत स्प्रिंगेच्या मऊपणाला जवळजवळ जागाच नाहीं!

तेव्हां खरा उपाय पिळ आवरण्याचा. कोणी आंसाला शिडीसारखे ताठ दांडे जखडतात. सरळ मैदानावर ते उत्तम. परंतु रस्त्यावर एकच चाक खड्ड्यांत गेलें कीं दोन दांडे एकमेकांशीं झगडतात व गाडी अडखळते. त्यापेक्षां पाट्याखालीं, टोंकाला रबरी ठोकळा असलेला दांडा बसवावा. जोर लागतांच ठोकळा पाट्याला टेकून पिळ थांबवितो. एरवीं पाटा आपलें काम मोकळेपणीं करतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम चांगले टायर, मग पिळेचा बंदोबस्त, मग धक्के शोषणारीं नळकांडीं, आणि शेवटीं भाराला साजेशी स्प्रिंग. शर्यत कांहीं सेकंदांत संपते. त्यानंतर त्याच गाडींत मुलेंबाळें बसतात, पाऊस येतो, वळणावर ब्रेक लावावा लागतो. पाव मैल जिंकणारी गाडी घरींही सुखरूप पोंचली पाहिजे, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.