सर्व्हरची किल्ली कुणाकडे?



गटाच्या खात्यातून शंभर रुपये काढायचे तरी अध्यक्ष आणि सचिव, दोघींच्या सह्या लागतात. पण आमच्या संघाच्या वेबसाइटचा पासवर्ड? तो गेल्या वर्षापर्यंत ऑफिसच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला होता. आज त्याच चुकीबद्दल बोलू.

आमच्या गटांचे पापड, चटण्या, मसाले आम्ही वेबसाइटवरून विकतो. वेबसाइट राहते सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे इंटरनेटला जोडलेला, दिवसरात्र चालू असणारा संगणक. आम्ही तो अख्खा भाड्याने घेतला. चाळीतली खोली सोडून स्वतंत्र घर घ्यावं, तसं. घर आपलं, मग कडीकुलूपही आपणच बघायचं. हे मात्र आमच्या ध्यानात आलं नाही.

दिवाळीला तीन आठवडे होते आणि एका सकाळी वेबसाइट उघडेना. कुणीतरी आत शिरून आमचं यंत्र स्वतःच्या कामाला जुंपलं होतं. ऑर्डरी गेल्या. दुसरी प्रत होती, पण त्याच सर्व्हरवर. तीही गेली. आमच्या एक मावशी प्रत्येक ऑर्डर वहीत उतरवून ठेवायच्या. आम्ही त्यांना हसायचो. त्या वहीने आमची दिवाळी वाचवली.

पण गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबरही त्या सर्व्हरवर होते. आम्ही वही घेऊन बसलो आणि एकेकाला फोन केला: "आमच्या नावाने कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका." सांगताना लाज वाटली. पण लपवलं असतं तर विश्वास कायमचा गेला असता.

सर्व्हर स्वतःची नोंदवही ठेवतो, तिला लॉग म्हणतात. तिच्यात आत शिरायचे हजारो प्रयत्न दिसले. त्या लोकांचं आपल्याशी वैर नसतं. आपोआप चालणारे प्रोग्राम रात्रंदिवस दारं ढकलत फिरतात. आमचा पासवर्ड होता गटाचं नाव आणि पुढे १२३!

मग आम्ही काय केलं? जुना सर्व्हर नुसता झाडूनपुसून वापरला नाही, कारण चोराने मागचं दार ठेवलं असेल तर ते दिसत नाही. सगळं पुसून नव्याने बसवलं. 'रूट' म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं. त्यातून थेट आत जाणं बंद केलं. दोघींना वेगवेगळी खाती दिली, म्हणजे कोणी काय केलं ते कळतं. पासवर्डऐवजी एसएसएच की, म्हणजे आपल्या संगणकात राहणारी डिजिटल किल्ली घेतली. किल्लीने आत जाता येतं हे आधी तपासलं, मगच पासवर्डचं दार बंद केलं. नाहीतर आपणच बाहेर राहतो. फायरवॉल लावून तीनच दारं उघडी ठेवली: २२ नंबरचं आपल्या कामासाठी, ८० आणि ४४३ गिऱ्हाइकांसाठी.

आता दर सोमवारी बैठकीआधी आम्ही अपडेट पाहतो, लॉग वाचतो. ऑर्डरींची एक प्रत सर्व्हरबाहेर, ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर ठेवतो. महिन्यातून एकदा ती उघडूनही पाहतो. जी प्रत उघडत नाही, ती असून नसल्यासारखी.

मैत्रिणींनो, वेबसाइट कुणा मुलाकडून करून घेतली असेल, तर पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. किल्ली कुणाकडे आहे? तो मुलगा उद्या नोकरीला शहरात गेला तर आपल्याला आत जाता येईल का? आणि दुसरी प्रत कुठे आहे? उत्तरं ठरावाच्या वहीत लिहा, पासवर्ड मात्र लिहू नका.

आणि हो, मावशींची वही अजून चालू आहे. आता आम्ही हसत नाही.