अबोल पोरही शिकते



आज आम्ही एका निराळ्या मुलाविषयी बोलणार आहोत.

समजा, आपल्या आळीत चार वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला ऐकू येते, पण हाक मारली तर तो वळून पाहत नाही. पोरांत मिसळत नाही. डब्याचे झाकण तासन्‌तास फिरवीत बसतो. वाजंत्री वाजली की कानांवर हात ठेवून ओरडतो. कोणी म्हणते, "बाहेरचं लागलंय." कोणी म्हणते, "आईनंच लाडावलाय."

दोन्ही खोटे. याला स्वमग्नता म्हणतात. डॉक्टर ऑटिझम म्हणतात. १९४३ साली अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांविषयी लिहिले. पुढे पुष्कळ वर्षे शिकलेली माणसेसुद्धा आईलाच दोष देत. ते चूक ठरले. या मुलांच्या मेंदूची घडणच निराळी असते. त्यात आईचा दोष नाही, लशीचाही नाही.

"मग औषध काय?" स्वमग्नता घालवील असे औषध नाही. अंगारेधुपारे करू नका. "बरा करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. योग्य रीतीने शिकवणे हाच उपाय.

कसे शिकवायचे? हात धुणेच घ्या. मोरीपाशी चार चित्रे लावा : नळ सोडणे, साबण लावणे, हात चोळणे, नळ बंद करणे. एका वेळी एकच गोष्ट. शब्द थोडके. रोज तोच क्रम. जमले की लगेच शाबासकी. बोलता येत नसेल, तर पाण्यासाठी तांब्याच्या चित्रावर बोट ठेवू द्या. मागता आले की आरडाओरड पुष्कळदा कमी होते.

लवकर सुरुवात केलेली बरी. पण पोर मोठे झाले म्हणून वेळ गेली, असे नाही. वयात येताना शरीर बदलते. कपडे कोठे बदलावेत, परक्याने अंगाला हात लावला तर काय करावे, हेही चित्रांनीच शिकवा. आवडीचे एखादे कामही हाताला लावा.

सरकारने २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा केला. त्यात स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असला, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा घ्या किंवा खास शाळा. मान्यता असलेल्या शाळेला "असलं मूल नको" म्हणता येत नाही. आधी अंगणवाडीताईंना आणि सरकारी डॉक्टरांना दाखवा. दाखला कोठे मिळतो, ते त्यांनाच विचारा. मग वडगावला पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन विशेष शिक्षकांची मदत मागा.

आता शेवटचे. असे मूल कधी कधी नकळत घराबाहेर निघून जाते, आणि आपल्या गावाजवळून मोठा रस्ता जातो. लावणीच्या दिवसांत आई खाचरात आणि पोर दाव्याने बांधलेले, असे कोणाच्या घरी होत असेल. त्या आईला आम्ही नावे ठेवीत नाही. ती एकटी काय करील? शेजाऱ्यांनी आळीपाळीने तासभर पोराजवळ बसावे. त्याच्या सदऱ्याच्या आत नाव आणि फोन नंबर शिवावा.

दावे सोडायचे, तर चार हात पुढे आले पाहिजेत. ते हात आपलेच असोत.