मखर आणि पिंजरा: रॅप गायकांविषयी काही विचार

(वर्षावासानिमित्त एका बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वर्षावासात ग्रंथवाचन चालू असता मध्येच अमेरिकेतील रॅप गायकांचे प्रकरण कशाला, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्याकडे चालत आला. गेल्या अशोक विजयादशमीला सहकुटुंब दीक्षा घेतलेले एक गृहस्थ मागील रविवारी माझ्याकडे आले. दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरातील देव्हारा हलवला, तसबिरी उतरवल्या. भिंतीवर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे अशी दोनच चित्रे राहिली. आता त्यांच्या चिरंजीवाने त्या दोन चित्रांच्या शेजारी तिसरे आणून लावले आहे. उघडे अंग, त्यावर गोंदण, डोक्याला रुमाल, असा एक काळा तरुण. "वकीलसाहेब, घरातले देव काढले तर हा नवा आला. हा आहे तरी कोण?" असे त्यांनी मला विचारले.

तो तरुण म्हणजे टुपाक शकूर. तो कोण, हे सांगण्यापूर्वी त्याची कला कोठून आली हे सांगितले पाहिजे. कारण आपल्या घरांतून तिच्याविषयी दोनच मते ऐकू येतात. बापाच्या मते तो नुसता धिंगाणा आहे आणि मुलाच्या मते ते वेदवाक्य आहे. माझ्या मते दोघेही चुकत आहेत.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस ब्रॉन्क्स नावाचा विभाग आहे. त्याच्या मध्यातून नगररचनेच्या नावाखाली एक प्रचंड महामार्ग काढण्यात आला आणि हजारो कुटुंबांची घरे पाडण्यात आली. ज्यांच्यापाशी पैसा होता ते निघून गेले. उरले ते मुख्यतः काळे आणि पोर्टो रिकोचे गरीब लोक. 1970 च्या दशकात तेथे इमारतीमागून इमारती जळत होत्या. अशा वस्तीत, सेजविक अव्हेन्यूवरील 1520 क्रमांकाच्या इमारतीत, 11 ऑगस्ट 1973 रोजी एका मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करावेत म्हणून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट अशी प्रवेश फी होती. तबकड्या वाजवण्यास तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्बेल उभा राहिला. हाच पुढे कूल हर्क म्हणून प्रसिद्धीस आला. गाणे थांबून नुसता ताल घुमतो त्या तुकड्यावर लोक अधिक जोमाने नाचतात, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तोच तुकडा पुनःपुन्हा वाजवू लागला. त्या तालावर कोणी बोलू लागला, बोलण्याला यमक आले, यमकाला आशय आला. हीच रॅपची जन्मकथा होय. वाद्य शिकण्याची ऐपत नसलेल्यांनी दुसऱ्याच्या जुन्या तबकडीचे वाद्य केले!

हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांना आंबेडकरी जलशाची आठवण होईल. भीमराव कर्डकांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत आपल्या शाहिरांनीही तुटपुंज्या साधनांनिशी रात्ररात्र जागवून दाखवल्या. हे साम्य खरे आहे. पण फरकही प्रांजळपणे सांगितला पाहिजे. जलसा चळवळीच्या पोटी जन्मला आणि त्याने लोकांना कोठे न्यायचे हे ठरलेले होते. रॅप करमणुकीच्या पोटी जन्मला. त्याला दिशा असलीच पाहिजे असे त्याच्यावर बंधन नव्हते. म्हणूनच त्याच्यात वस्तीच्या हलाखीचा जळजळीत दाखला देणारे 1982 चे 'द मेसेज' सापडते, आणि बाईला शिवी देऊन सोन्याच्या साखळीची फुशारकी मारणारे गाणेही सापडते. त्या शिव्यांना क्वीन लतीफा या गायिकेने 1993 साली रॅपमधूनच रोखठोक उत्तर दिले, हे आपल्या मुलींना मुद्दाम सांगावे.

आता टुपाककडे वळू. त्याची आई अफेनी शकूर ही ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. 1966 साली स्थापन झालेल्या त्याच पक्षाचे नाव पुढे 1972 साली मुंबईत आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' म्हणून उचलले. 1969 साली न्यूयॉर्कमध्ये एकवीस पँथरांवर बाँबस्फोटांचा कट केल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्यांत अफेनी होती. तिने वकील घेतला नाही. कायद्याचे शिक्षण नसलेली, पोटुशी असलेली ही बाई स्वतः उभी राहिली आणि पक्षात घुसवलेल्या गुप्त पोलिसाची तिने उलटतपासणी घेतली. मी अनेक वर्षे उलटतपासण्या घेतल्या आहेत; त्या प्रसंगाची कल्पना करताना मला आजही तिच्यापुढे मान झुकवावीशी वाटते. मे 1971 मध्ये ज्यूरीने तिला आणि तिच्या सहआरोपींना सर्व आरोपांतून निर्दोष सोडले. पुढच्याच महिन्यात टुपाक जन्मला. त्याने वस्तीतील कुमारी मातांची दैना गायली, आईचे ऋण गायले, पोलिसी जुलूम गायला. आणि याच टुपाकला 1994 साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने एका तरुणीवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपात दोषी ठरवले. त्याने तो गुन्हा सतत नाकारला. पण तुरुंगवास भोगावा लागला. सप्टेंबर 1996 मध्ये लास व्हेगास येथे गोळ्या लागून तो पंचविसाव्या वर्षी मरण पावला.

या दोन गोष्टींपैकी कोणती खरी मानायची? दोन्ही! आईसाठी गाणारा टुपाक आणि शिक्षा झालेला टुपाक हे दोन इसम नव्हेत. माणसाचा हिशेब असाच, जमा आणि खर्च दोन्ही बाजू लिहून मांडावा लागतो. देवाचा हिशेब कोणी मांडत नाही. मखरात बसवलेल्याला प्रश्न विचारायचा नसतो, आणि म्हणून मखर हीच मुळात वाईट वस्तू आहे. बाबासाहेबांनी 1943 साली पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना विभूतिपूजेचा परखड समाचार घेतला होता, आणि 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्ती अधःपाताकडे नेते असा इशारा दिला होता. तो इशारा केवळ पुढाऱ्यांपुरता होता असे मानून नटांना, गायकांना, क्रिकेटवाल्यांना त्यातून सूट देण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

कान्ये वेस्ट याचे उदाहरण पाहा. 2005 साली कॅटरिना वादळात काळ्या लोकांची उपेक्षा झाली तेव्हा त्याने दूरचित्रवाणीवर राष्ट्राध्यक्षांना उघड दोष दिला. ते धैर्याचे बोलणे होते. त्याच इसमाने 2018 साली चारशे वर्षांची गुलामगिरी ही जणू गुलामांचीच निवड होती असे उद्गार काढले, आणि 2022 साली ज्यू लोकांविरुद्ध इतके विषारी बोलला की आदिदास कंपनीने त्याच्याशी असलेला करार तोडला. ज्यांनी त्याला प्रेषित मानले होते त्यांतील कित्येक या दोन्ही वेळी त्याचे समर्थन करीत राहिले. अस्पृश्यांनी अस्पृश्यता स्वखुशीने पत्करली असे उद्या एखादा लाडका गायक म्हणाला, तर आपणही टाळ्या वाजवणार आहोत काय? शॉन कोम्ब्सबद्दल तर फार बोलण्याची इच्छाही नाही. जुलै 2025 मध्ये गंभीर आरोपांतून तो सुटला, पण वेश्याव्यवसायासाठी व्यक्तींची ने-आण केल्याबद्दल दोषी ठरला आणि ऑक्टोबरमध्ये त्यास 50 महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या वैभवाची गाणी गाणाऱ्यांनी त्या वैभवाची किंमत कोणी मोजली हे विचारावे.

संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटांच्या म्होरक्याची कथा आहे. लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांत जन्मतो असे त्याच्या गुरूंनी त्यास शिकवले होते. हे खरे काय, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी दोनदा उत्तर टाळले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले की, आधीच आसक्ती, द्वेष आणि मोह यांत गुंतलेल्या लोकांना जो आणखी धुंद करतो त्याची गती चांगली नाही. तालपुट रडू लागला. पण उत्तर कटू होते म्हणून नव्हे, आपल्या गुरूंनी आपल्याला इतका काळ फसवले म्हणून. पुढे तो भिक्षू झाला. परलोकाचा भाग सोडून द्या. तथागतांनी नटाला शाप दिला नाही अथवा हारही घातला नाही. त्याच्या कलेने ऐकणाऱ्याच्या मनाचे काय होते, एवढेच पाहिले. मुलाच्या कानाला लावलेले गाणे पारखण्यास घरातील आईबापांनी हीच कसोटी वापरावी. त्यासाठी ते गाणे आधी शेजारी बसून ऐकावे लागेल.

येथवर मखराविषयी झाले. आता पिंजऱ्याविषयी, आणि हा माझ्या व्यवसायाचा भाग असल्याने मी थोडा रेंगाळणार आहे.

अमेरिकेत कित्येक खटल्यांत रॅप गायकाचे कवनच पुरावा म्हणून ज्यूरीपुढे वाचले जाते. न्यू जर्सीतील स्किनर खटल्यात खुनाच्या प्रयत्नाचा आरोप होता. सरकार पक्षाने आरोपीच्या वहीतील तब्बल तेरा पाने कवने न्यायालयात वाचून दाखवली. त्यांतील काही तर घटनेच्या कितीतरी आधी लिहिलेली होती! 2014 साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा पुरावा अग्राह्य ठरवला. बॉब मार्ले याने शेरीफला गोळी घातल्याचे गीत गायले म्हणून त्याने खरोखर गोळी घातली असे कोणी मानीत नाही, हा न्यायालयाचा युक्तिवाद होता. 1 जानेवारी 2023 पासून कॅलिफोर्निया राज्यात अशा पुराव्यावर निर्बंध घालणारा कायदा अमलात आला. तरीही त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात यंग थग या गायकाच्या खटल्यात कवने वाचण्यास न्यायाधीशांनी सशर्त परवानगी दिलीच.

आता दुसरे चित्र पाहा. 2024 साली केंड्रिक लामार आणि ड्रेक या दोन श्रीमंत गायकांत कवनांची लढाई झाली. लामार हा 2018 साली पुलित्झर पारितोषिक मिळवणारा पहिला रॅप गायक, आणि माझ्या मते आजच्या गायकांत विचाराने सर्वांत खोल. त्याने ड्रेकवर घाणेरडे आरोप करणारे गीत काढले. ते इतके गाजले की त्यास 2025 साली पाच ग्रॅमी पारितोषिके मिळाली. (हे गीत मला आवडले नाही. शत्रूवर असा आरोप करून हजारोंना नाचवणे हे लामारच्या बुद्धीला शोभत नाही.) ड्रेकने तबकडी काढणाऱ्या कंपनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने तो फेटाळला. अशा शब्दयुद्धातील विधाने सुजाण श्रोता वस्तुस्थिती म्हणून घेत नाही, मत म्हणूनच घेतो, असे कारण दिले. ड्रेकने त्यावर अपिलाची नोटीस दिली आहे.

अब्रुनुकसानीचा दावा वेगळा आणि फौजदारी पुरावा वेगळा, हे मला ठाऊक आहे. विरुद्ध पक्षाचा वकील लगेच उठून तसे सांगेल. तरीसुद्धा प्रश्न उरतोच. कोट्यधीशाची कंपनी न्यायालयात उभी राहिली की रॅप म्हणजे अतिशयोक्ती, आणि गल्लीतला पोरगा उभा राहिला की तोच रॅप कबुलीजबाब, हे कसे?

हे दूरदेशीचे प्रकरण नाही. एप्रिल 2023 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुण मराठी रॅपरांवर राजकीय कवनांवरून गुन्हे नोंदवले गेले. ज्या पित्याला मुलाचे गाणे म्हणजे पोरखेळ वाटतो, त्याने हे ध्यानात ठेवावे की पोलीस ठाण्याला तो तसा वाटत नाही.

पिंजऱ्याइतकीच मोठी भीती चोरीची आहे. 1979 साली रॅपची पहिली मोठी गाजलेली तबकडी निघाली, 'रॅपर्स डिलाइट'. तीत बिग बँक हँक याने गायलेली कवने मूळची ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या कवीच्या वहीतील. ती इतकी जशीच्या तशी उचलली की मूळ कवीचे टोपणनावसुद्धा त्यांत तसेच राहून गेले! कॅझला श्रेय मिळाले नाही, पैसाही मिळाला नाही. चाळीसहून अधिक वर्षांनी, 2021 साली, तमिळनाडूच्या अरिवू या दलित कवी-गायकाने आपल्या आजीच्या चहामळ्यातील कष्टांच्या आठवणींतून 'एन्जॉय एन्जामी' हे गीत रचले. ते देशभर गाजले. मग एका प्रतिष्ठित संगीतविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर सहकलावंतांची चित्रे आली, अरिवूचे आले नाही. ओरड झाल्यावर त्याच्यासाठी निराळे मुखपृष्ठ काढण्यात आले. शब्द आमचे आणि चेहरा दुसऱ्याचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

म्हणून ज्यांची मुले कवने रचतात त्यांच्यासाठी कायद्याच्या चार गोष्टी सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवन लिहिता क्षणी त्यावर लिहिणाऱ्याचा हक्क उत्पन्न होतो. नोंदणी नसली तरी हक्क बुडत नाही. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. तोंडी बोलण्याला किंमत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच करार मानला जातो. 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वा ध्वनिमुद्रिकेत घेतलेल्या गीताच्या पुढील वापराबद्दलचा रॉयल्टीचा समान वाटा गीतकाराला असा सोडून देता येत नाही. तसे लिहून घेतलेले कलम निरर्थक ठरते. आणि कलम 57 प्रमाणे हक्क विकला तरी 'हे माझे आहे' असे म्हणण्याचा अधिकार कवीपाशीच राहतो. तेव्हा वहीवर तारीख घाला, मुद्रण केल्याची तारीख जपून ठेवा, आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. आपल्या बापजाद्यांच्या जमिनी अशाच कोऱ्या कागदांवरील अंगठ्यांनी गेल्या.

त्या गृहस्थांना मी काय सांगितले ते सांगून थांबतो. चित्र फाडू नका, असे मी म्हणालो. फाडले तर मुलगा ते मनाच्या मखरात अधिकच घट्ट बसवील. मात्र तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या शेजारून ते हलवून त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर लावायला सांगा, आणि लावताना अफेनी शकूरची हकिगत त्याच्याच तोंडून आपल्या आईला ऐकवायला सांगा. काल त्यांचा निरोप आला. मुलाने हकिगत सांगितली, 1994 चा निकालही लपवला नाही. आणि तो स्वतः कवने लिहितो असे त्याच दिवशी घरात कळले. एका स्टुडिओने त्याच्यापुढे करारपत्र ठेवले आहे. येत्या रविवारी ते पत्र घेऊन पितापुत्र माझ्याकडे येणार आहेत. तोवर सही करू नये, असे मी कळवले आहे.

जय भीम.