पेटी कोण उघडणार?

डॉक्टर, फार्मासिस्ट, परिचारिका, केबिन क्रू व देखभाल विभागातले सहकारी,

यंदाची परिषद नागपुरात भरते आहे याचा मला आनंद आहे आणि त्याचं कारण संत्री नाही. देशाच्या मध्यावर असल्यामुळे वरून जाणाऱ्या विमानात कुणाची प्रकृती बिघडली की वैमानिक अनेकदा नागपूरचीच धावपट्टी मागतो. 27 ऑगस्ट 2023 रोजी बंगळुरूहून दिल्लीला निघालेल्या विस्ताराच्या विमानात हृदयविकार असलेल्या दोन वर्षांच्या मुलीची नाडी लागेना. दिल्लीच्या एम्समधले पाच डॉक्टर योगायोगाने त्याच विमानात होते. हाताशी असेल त्या साहित्यावर त्यांनी सीपीआर सुरू केला, शीर शोधून सुई घातली, तोंडात एअरवे बसवला. हृदय पुन्हा थांबलं तेव्हा एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र वापरलं. पाऊण तास झुंजून त्यांनी तिला जिवंत नागपुरात उतरवलं. काही दिवसांनी इथल्या रुग्णालयात ती गेली. पण आकाशात जे करता येण्यासारखं होतं, ते झालं होतं.

त्या डॉक्टरांचं कौतुक देशभर झालं, व्हायलाच हवं होतं. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न छळतो. त्या पाच जणांऐवजी एकच डॉक्टर असता आणि तो त्वचारोगतज्ज्ञ असता, तर?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच विमान कंपन्यांच्या नोंदींचा अभ्यास आला होता. 11,920 वैद्यकीय प्रसंग, म्हणजे दर 604 उड्डाणांमागे एक. त्यांत 48.1 टक्के वेळा प्रवाशांतला डॉक्टर मदतीला आला. बाकीच्या वेळी परिचारिका, इतर आरोग्यसेवक किंवा निव्वळ केबिन क्रू. विमान वळवावं लागलं ते 7.3 टक्के वेळा. चक्कर आणि बेशुद्धी सर्वाधिक, 37.4 टक्के. त्याखाली श्वासाचे त्रास, मग मळमळ-उलट्या. जो डॉक्टर उठून पुढे येतो त्यानं विमानातली डॉक्टरी पेटी आयुष्यात कधी पाहिलेली नसते, तो दोन तास झोपलेला असतो आणि कदाचित वीस वर्षांत त्यानं शिरेत सुई घातलेली नसते. आपण पेटी भरतो ती या माणसासाठी. पण भरताना आपल्या डोळ्यांसमोर असतो तपासणी अधिकारी. म्हणून बऱ्याच पेट्या रुखवतासारख्या मांडलेल्या असतात: सगळं आहे, नीट ओळीत आहे आणि वापरण्याचा विचार कुणी केलेला नाही.

नियमांबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टात आसनसंख्येनुसार प्रथमोपचार पेट्या किती असाव्यात ते सांगितलं आहे. शंभर आसनांपर्यंत एक, पाचशेच्या वर सहा. शंभरहून जास्त प्रवासी आणि दोन तासांहून लांबचा पल्ला असेल तर डॉक्टरी पेटी वेगळी. रक्त-उलटी आवरायला संसर्गप्रतिबंधक किट वेगळं. अमेरिकेत डॉक्टरी पेटी 1986 मध्ये सक्तीची झाली तेव्हा तिच्यात औषधं मोजकीच होती. 1998 च्या कायद्यानंतर 2001 मध्ये यादी वाढली आणि एप्रिल 2004 पासून मोठ्या प्रवासी विमानांत एईडी आलं. नियम इथवर चांगलेच आहेत. माझी तक्रार नियमांपुढच्या भागाबद्दल आहे.

आता ती पेटी उघडते कुठे ते पाहा. केबिनमधला दाब जास्तीत जास्त आठ हजार फूट उंचीइतका, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंची. निरोगी माणसाचंही ऑक्सिजन तिथे थोडं उतरतं. इंजिनांच्या घरघरीत स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही. कफ सोडत मनगटावर नाडी परत कधी लागते ते बोटांनी पाहून वरचं बीपी घ्यावं लागतं. हे सांगणारं एक वाक्य मशीनच्या पट्ट्यावर चिकटवायला काय खर्च येतो? दिवे मंद असतात. अॅम्प्युलवरची अक्षरं इतकी बारीक की चाळिशी लागलेला डॉक्टर ती टॉर्चशिवाय वाचू शकत नाही. टॉर्च यादीत आहे; तिची बॅटरी शेवटची कुणी पाहिली?

सगळ्यात जास्त भीती मला अॅड्रेनलिनची वाटते. एकाच पेटीत एकास हजार आणि एकास दहा हजार अशी दोन तीव्रतेची अॅड्रेनलिन असू शकते. पहिली अॅलर्जीच्या झटक्यात मांडीच्या स्नायूत द्यायची, दुसरी हृदय थांबल्यावर शिरेत. घाबरलेल्या माणसानं घाईत हे शून्य मोजायचे? अमेरिकेनं मे 2016 पासून अशा इंजेक्शनांच्या लेबलवरून गुणोत्तर काढून टाकलं आणि एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम एवढंच छापायला लावलं. आपण पेटी भरताना दोन्ही औषधं वेगळ्या रंगाच्या पाकिटांत ठेवावीत आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावं: कशासाठी, कुठे, किती. यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायला नको.

याद्यांतली विसंगतीही डोळ्यांआड करण्यासारखी नाही. अमेरिकेच्या सक्तीच्या यादीत 50 टक्के डेक्स्ट्रोज आहे, पण साखर मोजायचं यंत्र नाही. उलटी थांबवणारं इंजेक्शन नाही, आणि उलटी तर त्रासांच्या क्रमवारीत तिसरी! मग क्रू प्रवाशांना विचारतो, कुणाकडे ग्लुकोमीटर आहे का? आपल्याकडे ते सापडतंही. मुलाकडे सॅन होजेला निघालेल्या आईबाबांच्या हँडबॅगेत तीन प्रकारच्या चिवड्यांशेजारी ग्लुकोमीटर असतं. गोळ्या मात्र चेक-इन बॅगेत गेलेल्या असतात.

1995 मध्ये हाँगकाँगहून लंडनला जाणाऱ्या विमानात प्रा. अँगस वॉलेस यांनी एका प्रवासी स्त्रीच्या छातीत साठलेली हवा बाहेर काढली, ती गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. कपड्यांच्या हँगरची तार, ब्रँडी आणि पाण्याची बाटली यांचीच नावं लोकांच्या लक्षात राहतात. मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. छातीत घातलेली नळी लघवीची होती, ती पेटीतली होती. बधिर करायचं लिग्नोकेनही पेटीतलंच. कुणीतरी लघवी अडलेल्या रुग्णाचा विचार करून ती नळी ठेवली होती आणि तिनं वेगळ्याच माणसाचा जीव वाचवला. वजन कमी करायच्या बैठकीत हीच नळी ‘कधी लागत नाही’ म्हणून सर्वांत आधी बाहेर निघते.

आता देखभालीकडे येतो. डॉक्टरी पेटीला सील असतं आणि बाहेरच्या पट्टीवर तारीख असते. आतल्या ज्या वस्तूची मुदत सर्वांत आधी संपते, तिची. उड्डाणापूर्वी क्रू सील आणि तारीख पाहतो, पेटी उघडत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर वस्तू पाय फुटल्यासारख्या जातात. पण सील चोराला रोखतं तसंच आतला दोषही झाकतं. कफचं रबर चिरलंय, मास्कची कड कडक झालीय, हे पट्टीवरच्या तारखेत दिसत नाही. शिवाय ती तारीख धरते औषध सांगितलेल्या तापमानात ठेवलंय असं. मे महिन्यात याच शहरात एसीविना उन्हात उभ्या विमानात बसून पाहा. अॅड्रेनलिनला उष्णता आणि उजेड दोन्ही सोसत नाहीत. जिभेखालच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्यांचा जोरही उष्णतेनं ओसरतो. पेटीत तापमान नोंदवणारी साधी पट्टी ठेवली तर निदान कळेल तरी. थर्मामीटर मात्र पाऱ्याचा चालणार नाही. फुटला तर पारा अॅल्युमिनियम खातो आणि बहुतेक विमानांचा सांगाडाच अॅल्युमिनियमचा असतो. देखभालवाल्यांना हे सांगायची गरज नाही, पेटी भरणाऱ्या नवख्यांना असते.

वापरलेली पेटी परत येते तेव्हा तिच्यासोबत माहिती परत येत नाही, हे मला सर्वांत जास्त खटकतं. डॉक्टर उतरून आपल्या वाटेनं जातो, फॉर्मवर निदान आणि सही एवढंच असतं, स्टोअरमध्ये संपलेल्या वस्तू भरून नवं सील लागतं. कोणतं पाकीट शोधायला वेळ लागला, कोणती सुई मुलाच्या शिरेला जाड पडली, हे भरणाऱ्याला कधीच समजत नाही. फॉर्मवर दोनच ओळी वाढवा: काय सापडलं नाही, काय वापरता आलं नाही. लहान मुलांसाठीचा मास्क, बारीक कॅन्युला आणि वजनानुसार मात्रांचा तक्ता प्रत्येक पेटीत हवा, ही मागणी अशा नोंदींतूनच ठामपणे पुढे नेता येईल.

मुदत संपलेल्या पेट्यांचंही आपण ऐकू या. आज त्या सरळ नष्ट करायला जातात. त्याआधी कंपनीबाहेरच्या एखाद्या डॉक्टरपुढे अशी पेटी ठेवावी, हातात घड्याळ घ्यावं आणि म्हणावं, अॅलर्जीचा झटका आलाय, पहिलं इंजेक्शन भरून दाखवा. औषध कुणाला द्यायचं नाही, फक्त काढायचं आणि भरायचं. जिथे हात अडखळेल तिथे आपली मांडणी चुकली.

बोलून थांबणं बरं नाही म्हणून दुपारी अडीच वाजता शेजारच्या दालनात हाच प्रयोग ठेवला आहे. मुदत संपलेल्या पेट्या टेबलांवर आहेत, इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकावर लावणार आहोत आणि दिवे मंद ठेवणार आहोत. त्वचारोगतज्ज्ञांना पहिली संधी. ज्यांनी या पेट्या भरल्या ते फार्मासिस्ट भिंतीशी उभे राहून पाहतील, मदत करणार नाहीत. चष्मा आणायला विसरलात तर उत्तमच.