टिळक की तिलक?

आपल्या कळमन्याच्या मार्केटात मराठी-हिंदी सोबतच चालते, म्हणून हे इथे लवकर ध्यानात येतं. लोकमान्यांचं आडनाव मराठीत ‘टिळक’, हिंदीत ‘तिलक’. मराठीत ते बहुतेक आडनावच राहिलं. ‘तिलक’ मात्र पोरांचं नाव म्हणूनही चालतं. १९८५ मध्ये वानखेडेवर रवी शास्त्रीने एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले ते तिलक राजला. आता तिलक वर्मा आहेच. अर्थात तिलक म्हणजे कपाळावरचा टिळाही, त्यामुळे प्रत्येकाचं नाव लोकमान्यांवरूनच ठेवलं असं नाही.

लोचा होतो इंग्रजीत. दोघांचं स्पेलिंग एकच! ऑनलाइन फॉर्म त्याचं आपोआप मराठी करतो आणि तिलकचा टिळक होऊ शकतो. मग एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं. म्हणून सबमिट दाबायच्या आधी देवनागरीचा रकाना वाचून घ्या.