ज्या जगात किरणोत्सव नाही



कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारीपासून तीन दिवस मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखावर. वर्षातून दोनदाच का? २१ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य दक्षिणेकडे जास्तीत जास्त सरकलेला असतो. त्याच्या अलीकडे एक्केचाळीस दिवस मोजा, पलीकडेही तेवढेच मोजा. दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो. देऊळ बांधणाऱ्यांनी ती जागा हेरली होती.

आता हे देऊळ मनातल्या मनात उचलू आणि प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याजवळच्या ग्रहावर नेऊन ठेवू. सूर्यानंतरचा हा आपला सर्वांत जवळचा तारा, सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा. त्याच्या या ग्रहाचा शोध २०१६ साली लागला. त्याचं वर्ष आपल्या सव्वाअकरा दिवसांचं. ताऱ्याच्या इतकं जवळ असल्यामुळे त्याची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे वळलेली असावी, जशी चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते. म्हणजे एका अर्ध्या भागात कायमचा दिवस, दुसऱ्यात कायमची रात्र आणि मधल्या पट्ट्यात न संपणारी तांबूस संध्याकाळ. तिथं देवळाचं दार नेमक्या दिशेला ठेवलं, तर पहिल्या दिवशी मूर्तीवर पडलेला किरण हजार वर्षांनीही तिथंच असेल. त्याची वाट कोणी पाहणार नाही, त्यासाठी गर्दी जमणार नाही. त्या जगात किरणोत्सव नाही. 'उद्या', 'परवा', 'तिन्हीसांजा', 'तांबडं फुटलं' हे आपले साधे शब्दही तिथं अडखळतील.

परग्रहावरची साहसकादंबरी मला इथं सुरू होते असं वाटतं. राक्षस आणि किरणांच्या बंदुका मागाहून आल्या तरी चालतील.

हा विषय कोल्हापुरात बोलायला एक कारण आहे. मराठी विज्ञानकथेला ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली ते जयंत विष्णु नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी याच शहरात जन्मले. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत, त्यामुळे बालपण तिकडं गेलं. मोरूमामा हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर गणितं घालत आणि भाच्याला आव्हान देत. पुढे केंब्रिजला नारळीकरांना फ्रेड हॉएल यांच्यासारखे गुरू भेटले. हॉएल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहीत. सूर्याभोवती येऊन थांबलेल्या बुद्धिमान मेघाची त्यांची कादंबरी १९५७ सालची.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा धाडली. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेतलं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हातानं उतरवून काढली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं! १९७९ साली 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला, पुढे 'प्रेषित', 'वामन परत न आला'. परग्रहावरच्या जीवाला 'यक्ष' म्हणताच तो किती ओळखीचा होतो, पाहा.

आणि कल्पनेपाशी हा माणूस थांबला नाही. पृथ्वीवरची सूक्ष्म जीवसृष्टी बाहेरून येत असेल का, हे तपासायला हैदराबादहून मोठे फुगे आकाशात सोडले गेले. त्या प्रयोगांत ते प्रमुख होते. २००५ सालच्या उड्डाणात वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने घेतले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला हॉएल यांचं नाव दिलं, एकीला आर्यभटाचं, एकीला इस्रोचं. त्या बाहेरून आल्या असं यावरून सिद्ध होत नाही, तसा दावाही संशोधकांनी केला नाही.

पण एक गोष्ट मला जाणवते. 'प्रेषित'मध्ये दुसऱ्या जगातला जीव आपल्याकडे येतो. आपल्या बहुतेक विज्ञानकथांत असंच होतं: पाहुणा आपल्या दारात उतरतो आणि कथा मुंबई-पुण्यातच राहते. ज्यूल व्हर्नची 'चंद्रलोकची सफर' 'केरळ कोकीळ' मासिकात आली ती १९०० साली. भा. रा. भागवतांनी तर व्हर्नच्या सफरी घराघरांत पोहोचवल्या. म्हणजे दूर जायची हौस मराठी वाचकाला सव्वाशे वर्षांपासून आहे. तरीही आपला माणूस परक्या ग्रहावर पाऊल ठेवतो, तिथं राहतो, तिथल्या वाऱ्यापावसाशी झगडतो, अशी भरघोस मराठी कादंबरी माझ्या वाचनात फार थोडी आली. ही उणीव मला खरोखर बोचते.

हे काम अवघड आहे, पण अशक्य नाही. हाल क्लेमेंट नावाचे अमेरिकन लेखक पेशानं शाळेत विज्ञान शिकवायचे. १९५३ साली त्यांनी मेस्क्लिन नावाचा ग्रह रचला. तो इतक्या वेगानं फिरतो की दिवस जेमतेम अठरा मिनिटांचा. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, ध्रुवाकडे जावं तसं शेकडो पटींनी वाढत जाणारं. तिथले गोमेसारखे जीव वीतभर उंचीलाही घाबरतात, कारण तेवढ्यावरून पडलं तरी चेंदामेंदा. सगळं साहस त्या एका आकडेमोडीतून निघतं.

आपल्याकडे यासाठी काय कमी आहे? खासबागेतली कुस्ती मंगळावर नेऊन पाहा. तिथं वजन पृथ्वीच्या अडतीस टक्के. शंभर किलोचा मल्ल अडतीस किलोचा वाटेल, कलाजंग लावून त्याला खांद्यावर घेणं सोपं होईल. पण त्याचं वस्तुमान शंभर किलोच राहतं. तो धावून अंगावर आला तर धक्का इथल्याइतकाच बसणार, आणि तो झेलायला पायाला पकड मात्र इथल्या निम्म्याहूनही कमी. पाय रोवायला गेलं की घसरणार. आयुष्यभर घोटलेले डाव वस्तादाला नव्यानं शिकावे लागतील. एवढं एक प्रकरण कोणी नीट लिहिलं, तरी मी ते रात्र जागून वाचेन.

नारळीकर २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले. त्यांनी घालून दिलेली शिस्त आता आपल्या हातात आहे.

माझी विनंती कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना आहे. कागद घ्या. आधी ग्रह ठरवा: त्याचा तारा कोणता, दिवस किती तासांचा, वजन किती भरतं, पाऊस कशाचा पडतो. आकडेमोड चुकली तर भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना विचारा, ते आनंदानं सांगतील. मग त्या ग्रहावर कोल्हापूरचं एक माणूस उतरवा, आपल्या बोलीत बोलणारं, आणि पुढं काय होतं ते आम्हाला लिहून कळवा.