कशासाठी?



आपण अक्षरे शिकलो. पाट्या, चिठ्ठ्या, कागद वाचू लागलो. पण कित्येक कागदांवर इंग्रजी असते. सगळी इंग्रजी शिकायला वेळ लागेल. आज आपण दोनच शब्द पाहू, 'टु' आणि 'फॉर'. एखादी गोष्ट कशासाठी आहे, हे या शब्दांवरून कळते.

आपल्या बोलीपासून सुरुवात करू. 'तो बियाणे आणायला तालुक्याला गेला.' या वाक्यात 'ला' दोनदा आला. 'तालुक्याला' यावरून कुठे गेला ते कळले. 'आणायला' यावरून कशासाठी गेला ते कळले. इंग्रजीतला 'टु' आपल्या 'ला'सारखाच आहे. त्याच्यापुढे गावाचे नाव आले, तर तो ठिकाण दाखवतो. करण्याचा शब्द आला, तर बहुधा हेतू दाखवतो. आपला 'ला' शब्दाच्या शेवटी चिकटतो. त्यांचा 'टु' शब्दाच्या आधी सुटा असतो.

रेल्वेच्या डब्यात साखळीजवळ लिहिलेले असते, 'टु स्टॉप ट्रेन पुल चेन'. स्टॉप म्हणजे थांबवणे. पुल म्हणजे ओढा. गाडी थांबवण्यासाठी साखळी ओढा. पण थांबवायला तसेच कारण हवे बरे का! १९८९ च्या रेल्वे कायद्यात विनाकारण साखळी ओढणे हा गुन्हा ठरवला आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

आता 'फॉर' पाहू. फॉर म्हणजे साठी. 'फॉर वॉटर' म्हणजे पाण्यासाठी. पण 'पाणी आणायला' म्हणायचे तर 'टु ब्रिंग वॉटर'. तिथे 'फॉर ब्रिंग' चालत नाही. वस्तूच्या नावाआधी फॉर, करण्याच्या शब्दाआधी टु, एवढे ध्यानात ठेवा.

चोळायच्या औषधाच्या बाटलीवर छापतात, 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली'. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचा, यूज म्हणजे वापर, ओन्ली म्हणजे फक्त. फक्त बाहेरून लावण्यासाठी! असले औषध पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. रात्रीची वेळ असते. पोर तापाने फणफणलेले असते. फळीवरच्या बाटल्या सारख्याच दिसतात. अशा वेळी हा 'फॉर' वाचणारे एक तरी माणूस घरात हवे.

आणखी एक शब्द सांगतो. कर्जाच्या इंग्रजी अर्जात 'पर्पज' असा रकाना असतो. पर्पज म्हणजे हेतू. कर्ज विहिरीसाठी हवे की म्हशीसाठी, ते तिथे लिहायचे. तो रकाना कोरा ठेवून सही करू नका. कोऱ्या जागेत दुसरा कोणी काहीही लिहील, आणि खाली सही आपली असेल.

म्हणून कागद मराठी असो की इंग्रजी, आधी विचारा, 'हा कशासाठी?' उत्तर नीट कळले, तरच सही करा. आपण अंगठा सोडून लेखणी धरली, ती याचसाठी.